मडगार्ड काढलं की दरवेळी त्याच जागी रंग उडतो: आधी सांधा सोडवा, बोल्ट नंतर

आमच्या अँबॅसेडरचं डावं मडगार्ड अकरा वर्षांत तीन वेळा निघालं आणि तिन्ही वेळा रंग उडाला तो एकाच जागी. पुढच्या काचेखाली, दाराच्या पुढच्या कडेजवळ, मडगार्ड बॉडीला टेकतं त्या कोपऱ्यात. पहिल्यांदा रुपयाएवढा टवका गेला. दुसऱ्यांदा चार बोटं लांब पट्टी निघाली, आणि तीही मडगार्डाची नाही, बॉडीची. ज्या भागाला हात लावायचाच नव्हता त्याचा रंग गेला. तिसऱ्यांदा टवका छोटा होता, पण खालची जुनी लांबी (खड्डे बुजवायला रंगाखाली भरतात ती पुट्टी) सुटून पत्रा उघडा पडला. जुलै महिना होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर पत्र्यावर तांबूस साय धरलेली.

गाडी 1977 ची, मार्क 3. पहिल्यांदा मडगार्ड काढलं ते चाकाच्या वरच्या गंजासाठी, शहरातल्या एका गॅरेजात. दुसऱ्यांदा संकेश्वरजवळ उसाच्या ट्रॉलीनं घासलं म्हणून मी आणि धाकट्या भावानं घरीच काढलं. तिसऱ्यांदा वायरिंगसाठी, दुसऱ्याच एका गॅरेजात. तिन्ही वेळा हात वेगळे, हत्यारं वेगळी, ऋतूही वेगळे. मी मात्र दरवेळी समोरच्या माणसाच्या हाताला दोष देत राहिलो आणि दुसऱ्या खेपेला स्वतःच्या. वेगवेगळ्या हातांनी एकाच जागी टवका उडत असेल तर त्याचं कारण गाडीतच शोधायला हवं, हे लक्षात यायला चौथी वेळ उजाडली.

ते दाखवलं बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका पत्र्याच्या मेस्त्रीमामांनी. त्यांना मी बोलावलं होतं मडगार्ड काढायला. गाडीखालनं डोकं बाहेर काढून मी बोल्टाला पाना लावला तसे ते म्हणाले, "बोल्ट कशाला धरूलास? फट बघ आधी. फट हाय काय तितं?"

मी बघितलं. फट नव्हतीच. मडगार्ड कुठं संपतं आणि बॉडी कुठं सुरू होते ते बोटाला लागत होतं, डोळ्याला दिसत होतं, पण ती नुसती रेघ होती. वरून रंग सलग गेलेला.

रंग का उडतो

जुन्या गाड्यांना आपल्याकडं रंग मारताना मडगार्ड सहसा कुणी काढत नाही. गाडी आहे तशी उभी करतात, लांबी भरतात, घासतात, प्रायमर मारतात आणि वरून रंगाची गन फिरवतात. दोन पत्र्यांमधली फट बारीक असेल तर रंगाचा थर तिच्यावरनं पुलासारखा आडवा जातो. चाळीस वर्षांत असे तीन-चार रंग बसले की तो पूल जाड होतो. काही ठिकाणी तर फट दिसू नये म्हणून रंगारी त्यात लांबीच भरतात. दिसायला गुळगुळीत, पण दोन सुटे पत्रे आता एकमेकांना चिकटलेले.

मग तुम्ही बोल्ट सोडता आणि मडगार्ड बाहेर ओढता. बोल्ट सगळे सुटलेले असतात, पण रंग दोन्ही पत्र्यांना धरून असतो. कुठंतरी तो फाटणारच. सरळ रेघेत फाटेल याची खात्री कोण देणार? जिथं खालची पकड कच्ची आहे तिथनं तो सोलून निघतो, आणि बऱ्याचदा कच्ची पकड असते बॉडीच्या बाजूला, कारण तिथं जुन्या रंगावर नवा रंग नीट न घासता मारलेला असतो. आमच्या गाडीचं नेमकं तेच झालं होतं. प्रत्येक टवक्यानंतर त्या कोपऱ्यात पुन्हा लांबी भरून रंग मारला गेला, म्हणजे पुढच्या वेळेच्या टवक्याची तयारी आम्हीच करून ठेवत होतो.

याला आपल्या भागातली दोन कारणं आणखी जोडली जातात. एक म्हणजे तांबडी माती. खानापूर, जांबोटी, कणकुंबी बाजूला गाडी फिरली की चाकानं उडवलेला चिखल मडगार्डाच्या आत, वरच्या कडेच्या घडीत जाऊन बसतो. पावसाळाभर तो ओला राहतो. वरून गाडी धुतली तरी आतला गाळ निघत नाही. त्या घडीत गंज धरतो, आणि गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेत असल्यानं दोन पत्र्यांमध्ये तो पाचरीसारखा फुगतो. वरचा रंग आधीच ताणलेला असतो. तुमचा हात लागला की तो सुटतो. दुसरं कारण थंडी. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 2500 फुटांवर. डिसेंबर-जानेवारीत सकाळी पत्रा हाताला गार लागतो, आणि जुना रंग, त्यातही एनसी (नायट्रोसेल्युलोजचा, थिनरनं विरघळणारा रंग), थंडीत काचेसारखा ठिसूळ होतो. हेच काम दुपारी दोन वाजता केलं तर निम्मा त्रास वाचतो.

सांधा बंद आहे का, ते आधी ओळखा

मामांनी मला शिकवलेली परीक्षा फार सोपी आहे आणि तिला पैसा लागत नाही. संध्याकाळी अंधार पडल्यावर मोठी टॉर्च किंवा मोबाईलचा दिवा चाकाच्या बाजूनं मडगार्डाच्या आत, वरच्या कडेला धरा. दुसऱ्या माणसानं बाहेरून फटीवर नजर ठेवायची. मध्ये रबराचं बिडिंग, म्हणजे सांध्यात बसवायची पट्टी, नसेल तर जिथं फट मोकळी आहे तिथं उजेडाची बारीक तार दिसते. जिथं उजेड तुटतो तिथं रंग, लांबी किंवा माती भरली आहे. आमच्या गाडीला दाराजवळच्या कोपऱ्यात वीतभर उजेडच नव्हता. तिन्ही टवके त्याच वीतभर जागेतले. बाकी सगळीकडं, जिथं उजेड येत होता, तिथं एकदाही रंग उडालेला नव्हता. ते बघून मला इतकी वर्षं वाया गेल्याचं वाईट वाटलं आणि उत्तर मिळाल्याचा आनंदही झाला.

उजेड तुटला तिथं खडूनं खूण करा. मग छोटा लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून त्या भागावर फिरवा. नुसत्या रंगावर तो घट्ट धरतो, जाड लांबीवर ढिला पडतो किंवा धरतच नाही. जिथं धरत नाही तिथं फार जपायचं.

रंग कोणत्या जातीचा आहे तेही बघून ठेवा. डिकीच्या आतल्या कडेला, कुणाला न दिसणाऱ्या जागी, कापडाच्या टोकाला थिनर लावून हलकं पुसा. कापडाला रंग लागला तर तो एनसी. तसाच राहिला तर बहुधा पीयू (पॉलियुरेथेन). सुरकुत्या पडल्या तर जुना सिंथेटिक एनॅमल. हे कशासाठी? एनसी असेल तर गाडीजवळ थिनर, पेट्रोल, ॲसिटोन काहीही उघडं ठेवायचं नाही. गंज सोडवायला काहीजण गिअरच्या तेलात ॲसिटोन मिसळतात. ते मिश्रण बोल्टाला चांगलं, पण त्याचा एक ओघळ मडगार्डावरनं गेला तर रंगावर कायमची रेघ.

टेप लावण्याआधी धुवा

ही पायरी लोक गाळतात. टेपखाली आणि वाकळेखाली धूळ राहिली तर तीच पॉलिशपेपरसारखी काम करते. आपल्या भागातली तांबडी धूळ तर बारीक आणि कठीण. सांध्याच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा साबणाच्या पाण्यानं धुवा, मडगार्डाच्या आतून पाइपनं जोरात पाणी मारून गाळ काढा, मग एक दिवस गाडी उन्हात वाळू द्या. फटीतलं पाणी न वाळता रंगावर टेप लावली तर टेप धरत नाही.

मग सांध्याच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेपचे तीन थर, एकावर एक. टेपची कड फटीपासून नखाच्या जाडीइतकी मागं. फटीवरनं टेप आडवी लावू नका. नाहीतर रंगाचा पूल काय आणि टेपचा पूल काय, दोन्ही एकच. तीन थर यासाठी की पाना निसटला तर पहिला मार टेप खाते. दाराच्या पुढच्या कडेलाही टेप लावा. दार उघडताना त्याची पुढची कड आत वळते आणि मडगार्डाच्या अगदी जवळनं जाते. मडगार्ड ढिलं असताना कुणी दार हलवलं तर दोन्हीकडचा रंग एकदमच जातो. म्हणून मागचे बोल्ट सोडायला दार उघडलं की ते दोरीनं बांधून ठेवा आणि घरच्यांना सांगून ठेवा. आमच्याकडं लहान मुलं आहेत. मी दारावर कागदच लावला होता.

घड्याळ, अंगठी, कमरेचा पट्टा काढून ठेवा. बॉनेटवर वाकल्यावर पट्ट्याच्या बक्कलचा ओरखडा किती खोल जातो ते एकदा बघितल्यावर कुणी विसरत नाही. टेप काम संपलं की त्याच दिवशी काढा. उन्हात आठवडाभर राहिली तर डिंक रंगात मुरतो, आणि तो काढताना पुन्हा रंगच जातो.

सांधा कापणं

खरं काम इथं आहे, म्हणून सावकाश सांगतो.

जिथं उजेड येत नव्हता तो भाग आधी हेअर ड्रायरनं गरम करा. ड्रायर वीतभर अंतरावर, सतत हलता. तळहाताची मागची बाजू टेकवली तर जेमतेम सहन होईल इतकंच. रंग मऊ पडायला तेवढं पुरतं. हीट गन मी वापरत नाही, कारण एनसीवर फोड यायला चार सेकंदही लागत नाहीत.

मग कटरचं नवं टोक तोडून घ्या. बोथट ब्लेडनं जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की ब्लेड घसरतं. ब्लेड सरळ उभं न धरता किंचित कलतं धरायचं, टोक निघणाऱ्या भागाकडं, म्हणजे मडगार्डाकडं. चूक झालीच तर ती सुट्या भागावर व्हावी. तो रंगाऱ्याकडं नेता येतो, बॉडी नेता येत नाही. डाव्या हाताचा अंगठा टेपवर टेकवून त्याच्या आधारानं ब्लेड ओढा. पहिल्या फेरीत काहीच कापायचं नाही, नुसती रेघ ओढायची. दुसऱ्या, तिसऱ्या फेरीत ती रेघ ब्लेडला स्वतःच धरून ठेवते. पाच-सहा फेऱ्या लागतात.

कान द्या. रंगात ब्लेड कोरडं, बारीक करकरतं. लांबीत गेलं की आवाज मऊ आणि भुसभुशीत होतो, खडूवर ओढल्यासारखा, आणि पांढरट किंवा पिवळसर भुगा वर येतो. पत्र्याला टेकलं तर आवाज एकदम चढतो. तिथं थांबा, तुम्ही फटीत नाही, कडेवर आहात. फट लागली की ब्लेडचं टोक अचानक दोन मिलिमीटर खाली जातं. ते हाताला कळतं. मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी मामांकडं बघितलं तर ते मान हलवून म्हणाले, "हां, आता सुटला."

लांबी जाड असेल तर कटर पुरत नाही. हॅक्सॉचं जुनं ब्लेड घेऊन त्याचे दात दोन्ही बाजूंनी ग्राइंडरवर थोडे घासून सपाट करा, म्हणजे ते कापताना बाजूला ओरबाडत नाहीत. अर्धं तोडून एका टोकाला कापड गुंडाळलं की मूठ झाली. साबणाच्या पाण्यात बुडवून, खालच्या टोकाकडनं सुरुवात करत, लहान लहान हात मारायचे. खालून यासाठी, की हात बसेपर्यंतच्या चुका कुणाला न दिसणाऱ्या जागी होतात. मामांबरोबर बैलहोंगलकडचा एक पोरगा मदतीला होता. मी घाई करायला लागलो की तो शांतपणे म्हणायचा, "निधान माडरी, निधान." म्हणजे कानडीत, सावकाश करा. त्या वीतभर सांध्याला आम्हाला पाऊण तास लागला. मडगार्डाचे सगळे बोल्ट काढायला त्याहून कमी वेळ लागला.

बोल्टाच्या डोक्याभोवतीही रंग असतोच. बॉनेटखाली वरच्या कडेला जे बोल्ट दिसतात त्यांच्या चकतीभोवती ब्लेडनं गोल रेघ ओढून घ्या. नाहीतर बोल्ट फिरताना चकती रंगाला धरून गुंडाळते आणि नाण्याएवढी साल निघते.

कापून झाल्यावर पुन्हा उजेडाची परीक्षा. तार सलग दिसेपर्यंत बोल्टाला हात नाही.

बोल्ट आणि पाने

दुसरं मोठं नुकसान पाना घसरून होतं, आणि त्याचं कारण पुष्कळदा चुकीच्या मापाचा पाना हे असतं. अँबॅसेडरचं मूळ मॉरिस ऑक्सफर्ड, त्यामुळं बॉडीचे जुने बोल्ट इंची मापाचे. आपले मेस्त्री सुतात बोलतात. आठ सूत म्हणजे एक इंच. दोन सुती, म्हणजे दोन सूत जाड दांड्याच्या बोल्टाच्या डोक्याला 7/16 इंची पाना लागतो, अडीच सुतीला 1/2 इंची, तीन सुतीला 9/16. आजकाल घरोघरी पेटी असते मिलिमीटरची. 1/2 इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर, म्हणून 13 चा पाना त्यावर बसल्यासारखा वाटतो. नव्या बोल्टावर चालूनही जाईल. पण गंजून कडा झिजलेल्या बोल्टावर तो फरक पुरेसा आहे: कडा गोल होतात, पाना सुटतो आणि मूठ थेट मडगार्डावर. 9/16 ला 14 चा पाना जात नाही म्हणून लोक 15 चा लावतात, तो तर आणखी ढिला. इंची गोट्यांचा (सॉकेटांचा) एक छोटा संच घ्या, सहा कोनी. बारा कोनी गोटी गंजक्या बोल्टावर लवकर फिरते. आणि प्रत्येक बोल्ट वेगळा तपासा. इतक्या वर्षांत कुणीतरी मधले दोन-तीन बदलून मिलिमीटरचे टाकलेले असतातच. आमच्या डाव्या मडगार्डात तीन जातींचे बोल्ट निघाले.

गोटीला आणि रॅचेटच्या दांड्याला सायकलची जुनी ट्यूब कापून घाला. निसटली तरी रंगाला रबर लागेल.

कामाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी गंज सोडवणारं तेल सोडा, शक्यतो आतल्या बाजूनं, नटाकडनं. सकाळी पुन्हा एकदा. फवारा मारू नका, जास्तीचं तेल फटीतून रंगाखाली शिरतं आणि पुढं तिथं नवा रंग धरत नाही. इंजेक्शनच्या सिरिंजनं दोन-दोन थेंब पुरेत. बोल्ट सोडताना आधी किंचित आवळा, बारीक कट्ट आवाज आला की मग उलटा फिरवा. अडला तर पुन्हा आवळा, पुन्हा सोडा.

तरीही हलत नसेल तर गॅसची ज्योत लावू नका. पत्र्याच्या मागून दिलेली उष्णता पुढचा रंग फुगवते. मोठ्या वॅटचा सोल्डरिंग आयर्न बोल्टाच्या टोकाला पाच-सात मिनिटं टेकवून ठेवला तर बोल्ट तेवढा तापतो आणि पत्रा पुष्कळसा वाचतो. हा उपाय हळू आहे, पण माझ्या गाडीला दोनदा कामी आला. शेवटचा मार्ग नट कापणं. हॅक्सॉ ब्लेडनं कापा. ग्राइंडर मारलात तर ठिणग्या काचेवर आणि रंगावर चिकटतात, त्या वेळी दिसत नाहीत, पहिल्या पावसानंतर तिथं गंजाचे बारीक ठिपके उठतात. मारायचाच असेल तर काचेवर आणि आजूबाजूला ओली गोणपाटं टाकून मारा. तुटलेल्या बोल्टाची काळजी करू नका. आपल्या बेळगावात टर्नरांची काय कमी. नमुना दिला की तसाच बनवून मिळतो.

मडगार्ड बाहेर काढताना

बॅटरीचं अर्थिंगचं टोक आधीच काढलेलं असावं, हेडलाइट आणि इंडिकेटरच्या वायरी सुट्या करून, प्रत्येकीला कागदाची चिठ्ठी बांधून. वायर विसरली तर मडगार्ड हातात आल्यावर अडकतं, माणूस दचकून परत टेकवतो, आणि टेकतं ते नेमकं कडेवर.

सगळे बोल्ट आधी दोन-दोन फेरेच ढिले करा. एकही पूर्ण काढू नका. आता मडगार्ड हातानं एक-दोन मिलिमीटर हलवून बघा आणि सांध्याकडं डोळा ठेवा. कुठं केसासारखी चीर सरकताना दिसली तर तिथं अजून पूल शिल्लक आहे. परत ड्रायर, परत ब्लेड. सांधा सर्वत्र मोकळा हलला की खालचे बोल्ट काढा, मग पुढचे, मग दाराजवळचे, आणि वरचे दोन अगदी शेवटी. तोवर मडगार्डाचं वजन त्यांच्यावर राहतं. त्या दोघांना हात घालताना दुसरा माणूस मडगार्ड धरून उभा हवा. एकट्यानं हे काम करू नये, कितीही सवय असली तरी.

ओढायचं आधी बाहेरच्या बाजूला, मग पुढं. वर उचलायचं नाही. मध्ये रबराचं बिडिंग असेल तर ते जुनं होऊन दोन्हीकडं चिकटलेलं असतं. साबणाचं पाणी सोडून कळकाची पातळ पाचर त्यात सरकवत जा. चांगली घासलेली, तीन बोटं रुंद पाचर स्क्रूड्रायव्हरपेक्षा कितीतरी बरी. जबरदस्ती झाली तर पाचर मोडते, पत्रा वाकत नाही.

फटीत बारीक चकत्या, पॅकिंग असतात. त्या कुठल्या बोल्टाखाली किती होत्या ते मोबाईलवर फोटो काढून ठेवा. काढलेलं मडगार्ड फरशीवर ठेवू नका. जुन्या टायरवर वाकळ टाकून त्यावर ठेवा, आतली बाजू खाली.

बॉनेटलाही हेच नियम, फक्त बिजागरीभोवती पेन्सिलनं रेघ मारून घ्यायची म्हणजे बसवताना तीच जागा मिळते, आणि मागच्या दोन्ही कोपऱ्यांखाली काचेच्या बाजूला जाड वाकळ ठेवायची. शेवटचा बोल्ट सुटला की बॉनेटचा मागचा कोपरा खाली घसरून मडगार्डावर आदळतो, म्हणून दोघांनी दोन्ही बाजूंना खांदा देऊन उभं राहायचं आणि तिसऱ्यानं बोल्ट काढायचे. दारं शक्यतो काढूच नयेत. वजन फार, आणि परत बसवताना फट जुळवणं हे वेगळंच कौशल्य. मागचे मडगार्ड कुठल्या गाडीला बोल्टचे, कुठल्या गाडीला वेल्डचे. डिकीतून आत बघून खात्री केल्याशिवाय त्यांच्या सांध्यात ब्लेड घालू नका.

क्रोमच्या पट्ट्या पेचकसानं उचकटायच्या नाहीत. आतून नट असेल तर नट सोडा, क्लिप असेल तर क्लिपच्या अगदी शेजारी कळकाची पाचर घालून एकेक क्लिप सोडवत जा.

तरीही टवका उडाला तर

त्याच दिवशी बंद करा. आपल्याकडं पावसाळ्यात उघडा पत्रा एक रात्रही थांबत नाही, हे मी वर सांगितलंच. कडेचा सुटलेला रंग ब्लेडनं उचलून काढा, जिथं घट्ट धरलेला आहे तिथपर्यंत. 800 च्या वॉटरपेपरनं कड उतरती करा, पूर्ण वाळवा, मग बारीक ब्रशनं प्रायमर. रंग नंतर सावकाश मारता येईल. उडालेला तुकडा मोठा असेल तर जपून ठेवा. रंग जुळवायला रंगाऱ्याला तो कुठल्याही शेडकार्डापेक्षा उपयोगी पडतो.

परत बसवताना, म्हणजे पुन्हा हीच वेळ येऊ नये

रंग मारायचा असेल तर मडगार्ड सुटंच रंगवून घ्या. रंगाऱ्याला स्पष्ट सांगा: कडा आतल्या घडीपर्यंत रंगवा, बॉडीची कड वेगळी रंगवा, आणि जोडल्यावर सांध्यावरनं गन फिरवू नका. काही रंगारी म्हणतात, फट दिसेल, चांगलं वाटणार नाही. फट दिसू दे. कारखान्यातून गाडी आली तेव्हाही ती होती. मला आता फट नसलेली जुनी गाडी बघितली की त्या मालकाची काळजी वाटते. पीयू रंग असला तरी निदान आठवडाभर थांबून मगच जोडा. वरून वाळलेला रंग आतून कोवळा असतो आणि चकतीखाली दबतो.

मध्ये नवं रबराचं बिडिंग घाला. सगळे बोल्ट आधी हातानं दोन-तीन फेरे लागू द्या, मडगार्ड हलवून फट सारखी करा, बॉनेट बंद करून आणि दार उघडून बघा, मगच आवळा, तेही एका टोकाकडनं दुसऱ्या टोकाकडं न जाता आलटून पालटून. बोल्टांना ग्रीस लावून बसवले तर पुढच्या वेळी ते पान्याला हात लावताच सुटतील. आतल्या वरच्या घडीत, जिथं माती बसते, तिथं वॅक्स किंवा अंडरकोटिंग भरा आणि पाणी निघायला खालची भोकं मोकळी ठेवा; अंडरकोटिंग मारणारे पुष्कळदा तीच बुजवून टाकतात.

गेल्या नोव्हेंबरात मी दोन्ही मडगार्ड याच पद्धतीनं काढून बसवली. कुठंही टवका नाही. त्यानंतर गाडी जांबोटीपर्यंत जाऊन आली. आल्यावर थंड पत्र्यावर सगळे बोल्ट पुन्हा तपासले. दाराजवळचे दोन पाव फेरा आवळावे लागले. अंधार पडल्यावर टॉर्च आत धरली, भावानं बाहेरून बघितलं, आणि उजेडाची तार काचेखालच्या कोपऱ्यापासून खालपर्यंत सलग दिसली.